नमुना पॉझिटिव्ह, आता तूच सिद्ध कर!

संपादक मंडळाने मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी चक्क नाही म्हटलं होतं. मी कॉन्व्हेंटचा. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोलताना सापडलं की दोन रुपये दंड होता आणि मराठीचा पेपर म्हणजे वर्षातून दोनदा येणारा ताप. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर त्या मुद्रितं तपासणाऱ्याच्या नावावर टाका! पण हाच विषय इंग्रजी विभागात लिहिला असता तर ज्याच्यामुळे लिहायला बसलो त्यानेच तो वाचला नसता. म्हणून मराठीत.

तो म्हणजे माझा रूममेट. मेकॅनिकल, तिसरं वर्ष, गाव सांगलीकडे, आणि मुख्य म्हणजे पैलवान. पहाटे साडेचारला उठून जोर-बैठका मारतो. खालच्या रूमवाल्यांनी एकदा रेक्टर सरांकडे तक्रार केली होती की वरची पोरं पहाटे कपाटं सरकवतात. कपाटं नव्हती हो, हा होता! यंदा विद्यापीठाच्या कुस्ती संघात त्याची निवड व्हायची बरीच शक्यता आहे. पुढच्या महिन्यात चाचणी आहे.

तर दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या कपाटावर एक भला मोठा डबा आला. प्रोटीन पावडर. जिममधल्या कुणीतरी अर्ध्या किमतीत दिलेला. "मेसवर खुराक कमी पडतोय," असं याचं म्हणणं, आणि मेसच्या डाळीतून ताटाचा तळ दिसतो हे हॉस्टेलवाल्यांना मी वेगळं सांगायला नको. (मेस कमिटीने रागावू नये.) रात्री डबा माझ्या पलंगावर ठेवून म्हणाला, "तुझं इंग्लिश झाक हाय, वाच की जरा. यात काय वंगाळ न्हाई न्हवं?"

मी वाचलं. म्हणजे उच्चार केले. एका ओळीत 'प्रोप्रायटरी ब्लेंड' आणि त्याखाली अकरा लांबलचक नावं, कशाचं प्रमाण किती ते कुठेच नाही. बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढून इंग्रजीने माझी अशी फजिती कधी केली नव्हती. त्याला म्हटलं, "मला नाही कळत." तो म्हणाला, "मग मला काय कळणार?" आणि डबा परत कपाटावर गेला.

पीएलमध्ये अभ्यास सोडून बाकी सगळं वाचून होतं, हा अनुभव सर्वांचाच असेल. मी त्या डब्याच्या निमित्ताने डोपिंगबद्दल वाचत सुटलो. सुरुवात या हेतूने केली होती की रूममेटला घाबरवावं आणि डबा फेकायला लावावा. पण वाचता वाचता मलाच प्रश्न पडायला लागले, आणि ते औषधांबद्दल कमी, न्यायाबद्दल जास्त होते.

आधी नियम सांगतो. जगभरच्या डोपिंगवर लक्ष ठेवणारी संस्था वाडा, १९९९ सालची. भारतातली नाडा, २००५ सालची. (नाडा आणि वाडा! मराठी माणसाने गंभीर चेहऱ्याने हे शब्द कसे उच्चारायचे?) यांचा मूळ नियम 'स्ट्रिक्ट लायबिलिटी'चा आहे. तुमच्या लघवीच्या किंवा रक्ताच्या नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं की गुन्हा झाला. तुम्ही मुद्दाम घेतलं, चुकून घेतलं की कुणी घातलं, हा प्रश्न गुन्हा ठरवताना येतच नाही. तो येतो शिक्षा ठरवताना. आणि स्टेरॉईडसारखं द्रव्य असेल तर तेव्हाही मी मुद्दाम घेतलं नाही हे खेळाडूनेच पटवून द्यायचं. नाही देता आलं तर चार वर्षं बंदी. आपल्या नेहमीच्या कोर्टात आरोप करणाऱ्याने सिद्ध करायचं असतं, तेही संशयाला जागा न ठेवता. इथे उलटं.

हे ऐकून तुम्हाला अन्याय वाटला ना? मलाही वाटला. मग मला आमची कॉइल आठवली. पहिल्या वर्षाला असताना रूम चेकिंगमध्ये आमच्या माळ्यावर पाणी तापवायची कॉइल सापडली. शपथेवर सांगतो, ती आमची नव्हती. आधी राहून गेलेल्या कुणा सीनियरची होती. क्लार्क म्हणाले, "कुणाची ते आम्हाला नको, सापडली तुमच्या रूममध्ये." तिघांना दंड. आम्ही आठ दिवस चिडलो होतो. पण नंतर रेक्टर सर भेटले तेव्हा हसून म्हणाले, "अरे, या हॉस्टेलमधली प्रत्येक कॉइल गेल्या वर्षीच्या सीनियरचीच असते!" याला उत्तर नव्हतं. कारण खरंच, मालकी सिद्ध झाल्याशिवाय दंड नाही असा नियम केला तर आजपर्यंत एकही कॉइल जप्त झाली नसती आणि एखाद्या दिवशी सगळं वायरिंग जळालं असतं.

डोपिंगचंही तसंच आहे. पकडलेला प्रत्येक जण म्हणतो मला माहीत नव्हतं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत नाडाचे अधिकारी आले आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू उभा राहिला, बाकीचे गायब! ज्युनियर गटातली एक मुलगी तर शर्यत संपल्यावरही पळतच राहिली आणि नमुना घेणाऱ्या अधिकाऱ्याला तिच्या मागे धावावं लागलं, अशी बातमी होती. हसू येतं, पण आपली अवस्था ती आहे. वाडाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये भारतात ३८६५ नमुने तपासले, त्यातले १२५ पॉझिटिव्ह. म्हणजे शंभरात तीनपेक्षा जास्त, मोठ्या देशांत सगळ्यात वाईट प्रमाण. तेव्हा कडक नियम नकोच, असं म्हणणारा मी नाही.

पण दंड पाचशे रुपये असणं आणि चार वर्षं असणं यात फरक आहे की नाही? कुस्तीगीराची वर्षं किती असतात?

इथे माझं आणि रूममेटचं भांडण सुरू झालं. विषय अर्थात नरसिंग यादव. मुंबईत वाढलेला, २०११, २०१२ आणि २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, आणि महाराष्ट्र पोलिसात डीएसपी. २०१६ मध्ये आम्ही दोघं पाचवी-सहावीत होतो. मला त्यातलं काही आठवत नाही, आमच्या घरी क्रिकेट सोडून दुसरा खेळ लागत नसे. पण याच्या गावच्या तालमीत वस्तादांनी त्या रात्री टीव्ही बंद केला आणि कुणी कुणाशी बोललं नाही, हे तो अजून सांगतो. त्याच्या मते नरसिंगला अडकवलं. विषय संपला.

घडलं ते असं. २०१५ च्या लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत नरसिंगने ७४ किलो गटात कांस्यपदक मिळवलं आणि त्यामुळे भारताला रिओ ऑलिम्पिकची जागा मिळाली. त्याच गटात दोन ऑलिम्पिक पदकं मिळवलेला सुशील कुमार होता. तो म्हणाला आमची चाचणी कुस्ती लावा. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि ६ जून २०१६ ला न्यायालयाने सुशीलची याचिका फेटाळली. २५ जूनला सोनीपतच्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात नरसिंगचा नमुना घेतला. पॉझिटिव्ह. मेथॅन्डिएनोन नावाचं स्टेरॉईड. ५ जुलैचा नमुना, तोही पॉझिटिव्ह. त्याच्या रूममेटचाही पॉझिटिव्ह! (हे वाचल्यावर मी आमच्या कपाटावरच्या डब्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.) नरसिंगचं म्हणणं, केंद्रातल्याच दुसऱ्या एका पोराने माझ्या खाण्यापिण्यात मिसळलं. त्याने पोलिसात तक्रार दिली. नाडाच्या शिस्तपालन समितीने १ ऑगस्टला त्याचं म्हणणं मान्य करून त्याला निर्दोष सोडलं. तो रिओला गेला. तिथे वाडाने अपील केलं, ते खेळाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे, म्हणजे कोर्ट ऑफ आर्बिट्रेशन फॉर स्पोर्ट, कॅस. यांचं एक तात्पुरतं पथक ऑलिम्पिकच्या गावातच बसतं, झटपट निकाल द्यायला. १८ ऑगस्टला सुनावणी, १८ ऑगस्टलाच निकाल: चार वर्षं बंदी. त्याची पहिली कुस्ती १९ ऑगस्टला होती. त्या गटात भारताकडून कुणीच उतरलं नाही.

मी रूममेटला म्हटलं, निकालाचं कारण तरी वाच. वाडाच्या तज्ज्ञांनी सांगितलं की पहिल्या नमुन्यातलं प्रमाण इतकं जास्त होतं की ते पेयात मिसळलेल्या पावडरीने येणार नाही, गोळ्या पोटात गेल्या असणार. आणि पॅनेलने नोंदवलं की कटाच्या गोष्टीला खरा पुरावा काहीच आला नाही, उलट त्याने एकापेक्षा जास्त वेळा गोळ्या घेतल्याची शक्यता जास्त दिसते. हे मला पटतं. एवढ्या कागदांवरून मी त्या जागी असतो तर मीही कदाचित हेच म्हटलं असतं.

रूममेट म्हणाला, "पुरावा कुठनं आणायचा त्यानं? सोनीपतच्या स्वैपाकघरात रात्री कोण गेलं ते ह्यानं रिओत बसून दाखवायचं व्हय?"

आणि इथे मी गप्प झालो. कारण हा प्रश्न बरोबर आहे. कोण आत शिरलं, काय मिसळलं, याचा तपास करायला पोलीस लागतात, जबाब लागतात, महिने लागतात. कॅसचा निकाल लागला तेव्हा पोलिसांचा तपास अर्धाच होता. निकालानंतर तो सीबीआयकडे गेला. म्हणजे आधी शिक्षा, मग चौकशी. खेळाडूने पुरावा आणावा हा नियम मान्य केला तरी पुरावा आणायला लागणारा वेळ आणि अधिकार कुणाकडे आहेत? त्याच्याकडे तर मुळीच नाहीत.

कुणी म्हणेल घाई नरसिंगलाच होती, १९ तारखेला खेळायचं त्यालाच होतं. कबूल. मग त्या रात्री फक्त तेवढंच ठरवायचं होतं: उद्या खेळू द्यायचं की नाही. नको म्हणायला दोन पॉझिटिव्ह नमुने पुरेसे होते. पण पुढची चार वर्षं काही त्या संध्याकाळी संपणार नव्हती. तो भाग तपास पूर्ण झाल्यावर, शांतपणे, सहा महिन्यांनी ठरवला असता तर ऑलिम्पिकचं काय बिघडलं असतं? दोन प्रश्न एकाच पाटीत टाकून एका दिवसात उचलले, माझा आक्षेप तिथे आहे. आपल्याकडे कॉपीत सापडला तर त्याचा तो पेपर लगेच काढून घेतात. वर्ष वाया घालवायचं की नाही ते नंतर कमिटी बसून ठरवते, त्याला बोलावते, ऐकून घेते. एवढं तर विद्यापीठालाही जमतं! (आणि विद्यापीठाला काय काय जमत नाही हे निकालाच्या दिवशी आपण बघतोच.)

हे सगळं वाचताना आणखी एक जुनं प्रकरण सापडलं आणि खरं सांगू, त्याने मला नरसिंगपेक्षा जास्त अस्वस्थ केलं. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आणि पाठोपाठ ग्वांगझूच्या एशियाडमध्ये आपल्या मुलींनी ४ बाय ४०० रिले जिंकली. अश्विनी अक्कुंजीने एशियाडमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचंही सोनं आणलं. २०११ मध्ये तिच्यासह ४०० मीटर गटातल्या सहा जणींचे नमुने पॉझिटिव्ह आले, बऱ्याच जणींमध्ये पुन्हा तेच मेथॅन्डिएनोन. त्या म्हणाल्या, आम्ही फक्त कोचने दिलेलं जिनसेंग घेत होतो. कोच युक्रेनचा, युरी ओगोरोदनिक, सरकारी कॅम्पवर नेमलेला. जिनसेंग त्याने चीनमधून आणलं होतं. आता विचार करा. सरकारी कॅम्प, सरकारने नेमलेला कोच, त्याने हातात डबा दिला. वीस-बावीस वर्षांची मुलगी त्याला काय सांगणार, सर, आधी लॅबमध्ये तपासून आणा? आपल्यापैकी किती जणांनी एचओडींना कधी उलट प्रश्न विचारलाय? नाडाच्या समितीने जिनसेंगची गोष्ट ग्राह्य धरली आणि तेव्हाच्या दोन वर्षांच्या शिक्षेची एक वर्ष केली. त्यावर जागतिक संघटना कॅसमध्ये गेली आणि २०१२ मध्ये ती पुन्हा दोन वर्षं झाली. लंडन ऑलिम्पिक हुकलं. कोचला क्रीडामंत्र्यांनी काढून टाकलं, म्हणजे नोकरी गेली. मुलींच्या नावापुढे मात्र 'डोपिंग' कायमचं लागलं.

सिडनीत २००० साली याहून वाईट झालं होतं. रुमानियाची आंद्रेया रादुकान, वय १६, जिम्नॅस्टिक्सचं सर्वंकष विजेतेपद जिंकली. संघाच्या डॉक्टरने तिला सर्दीची गोळी दिली होती. त्यात स्यूडोएफेड्रिन, तेव्हा बंदी. सुवर्णपदक काढून घेतलं. तिला त्या गोळीचा काही फायदा झाला नाही हे मान्य करूनही कॅसने पदक परत दिलं नाही. निदान तिथे डॉक्टरलाही शिक्षा झाली, त्याला पुढची ऑलिम्पिक धरून निलंबित केलं. पुढे २००४ मध्ये ते द्रव्य यादीतूनच काढलं, आणि २०१० मध्ये परत घातलं, पण ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तरच! सोळा वर्षांच्या मुलीने काय काय लक्षात ठेवायचं?

नियम पुस्तकात प्रशिक्षक, डॉक्टर यांनाही शिक्षेची तरतूद आहे. पण त्यांच्या लघवीचा नमुना कुणी घेत नाही. त्यांच्याविरुद्ध खराखुरा तपास करावा लागतो, साक्षीदार आणावे लागतात. खेळाडूविरुद्ध एक बाटली पुरते. म्हणून बाटलीवालाच सापडतो.

इन्स्ट्रुमेंटेशनच्या मित्रांनी इथे माझ्या चुका काढाव्यात, पण मला समजलं ते असं: हल्लीची मास स्पेक्ट्रोमीटर यंत्रं इतकी सूक्ष्म झालीत की ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहून कमी असलं तरी सापडतं. यंत्र सांगतं काय आणि किती. ते तिथे कसं आलं हे यंत्र सांगत नाही. ते माणसांनी शोधायचं असतं. यंत्र दर वर्षी सुधारलं आणि शोधणारी माणसं तेवढीच राहिली तर दूषित मांस, दूषित पावडर, कुणाच्या तरी हाताला लागलेलं मलम, हे सगळं जाळ्यात येणार आणि मुद्दाम खाणारा त्याच रांगेत उभा राहून "माझंही तसंच झालं" म्हणणार. दोघांना वेगळं कोण करणार?

आणि जे वेगळं करतात ते सगळ्यांना सारखंच करतात का? २०२१ च्या जानेवारीत चीनमधल्या एका राष्ट्रीय स्पर्धेत २३ जलतरणपटूंच्या नमुन्यांत ट्रायमेटाझिडिन हे हृदयविकाराचं औषध सापडलं. चीनच्या संस्थेने तपास केला आणि सांगितलं, हॉटेलच्या स्वयंपाकघरात अंश सापडले, जेवणातून गेलं. ना तात्पुरतं निलंबन, ना जाहीर घोषणा. वाडाने अपील केलं नाही. त्यातले बरेच जण टोकियो ऑलिम्पिकला गेले, काहींनी पदकंही आणली, आणि जगाला हे कळलं एप्रिल २०२४ मध्ये, वर्तमानपत्रांतून! त्या औषधाचा कण स्वयंपाकघरात आला कसा, हे आजही कुणी सांगितलेलं नाही. वाडाने नेमलेल्या स्वित्झर्लंडच्या एका माजी सरकारी वकिलाने अहवाल दिला की अपील न करण्याचा निर्णय वाजवी होता. असेलही. त्यांच्या नमुन्यांत प्रमाण फार कमी होतं आणि नरसिंगच्यात फार जास्त, हा फरक मी लपवत नाही. पण त्याच औषधासाठी रशियाची १५ वर्षांची स्केटर कामिला वालियेवा सापडली. आजोबांच्या औषधामुळे झालं असं तिच्या बाजूने सांगितलं गेलं, ते मानलं नाही. चार वर्षं बंदी. एकीकडे एका देशाची सरकारी यंत्रणा स्वतः हॉटेलात जाऊन खेळाडूंसाठी पुरावा गोळा करते, दुसरीकडे एकटा पैलवान पोलीस स्टेशनच्या बाकावर बसून तक्रार लिहितो. नियम एकच, पण तो पाळण्याची ताकद एकसारखी नाही.

पैशाचंही तेच. टेनिसची सिमोना हालेप, विंबल्डन विजेती. २०२२ मध्ये पॉझिटिव्ह, ऑक्टोबरपासून निलंबित. चार वर्षं बंदी झाली. तिने तज्ज्ञ लावले, वकील लावले, कॅसमध्ये लढली आणि मार्च २०२४ मध्ये शिक्षा नऊ महिन्यांवर आली. दूषित पावडरीचं म्हणणं मान्य झालं. पण तोवर ती सतरा महिने बाहेर बसली होती! नऊ महिन्यांची शिक्षा, भोगली सतरा. आणि ही कोट्यधीश. आमच्याकडच्या तालुक्याच्या पोराला दुसरी बाटली, म्हणजे 'बी' नमुना, उघडायची तर तोही खर्च खिशातून. स्वित्झर्लंडचा वकील तर सोडाच.

गंमत म्हणजे चूक प्रयोगशाळेचीही असते. दिल्लीच्या राष्ट्रीय डोप प्रयोगशाळेची मान्यता वाडानेच ऑगस्ट २०१९ मध्ये निलंबित केली होती, कामाचा दर्जा पुरेसा नाही म्हणून. डिसेंबर २०२१ मध्ये ती परत मिळाली. चांगलंच झालं. सुधारायला सांगितलं, मुदत दिली, सुधारल्यावर परत घेतलं. असा समजूतदारपणा मला वीस वर्षांच्या पोरांच्या बाबतीतही बघायला आवडेल.

हे सगळं मी एका रात्री रूममेटला वाचून दाखवलं. तो भिंतीला टेकून शेंगदाणे खात होता. म्हणाला, "म्हंजे नरसिंग दोषी का न्हाई?" मी म्हटलं, "मला नाही माहीत. तुलाही नाही. त्या रात्री रिओत बसलेल्यांनाही पूर्ण माहीत नव्हतं, एवढंच मला म्हणायचंय." त्याला हे उत्तर आवडलं नाही. अजूनही तो म्हणतो अडकवलं, मी म्हणतो गोळ्यांचं गणित समजावून दे. पण एका गोष्टीवर आमचं एकमत झालं. ज्याने डबा दिला त्याला कुणीच विचारत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जिममध्ये गेलो आणि विचारलं, हा डबा कुठून आला, बिल आहे का. ज्याने दिला होता तो म्हणाला, ओळखीच्याने दिला. ओळखीचा कोण? तो आता पुण्याला असतो. फोन नंबर? बदललाय. साधं बिल मागितलं तर ही कथा. उद्या याचा नमुना पॉझिटिव्ह आला तर हाच माणूस म्हणेल मी कधी याला डबा दिलाच नाही, आणि आम्ही ते खोटं ठरवू शकणार नाही. आमच्याकडे आहे काय? एक डबा आणि त्यावरचं माझ्या रूममेटचं नाव, जे त्याने मार्कर पेनने मोठ्ठं लिहून ठेवलंय, कुणी चोरू नये म्हणून!

विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे मी एक अर्ज केलाय की संघात निवडलेल्या मुलांसाठी एक दिवस कुणी डॉक्टर बोलवा, जो मराठीत सांगेल काय घ्यायचं, काय नाही, आणि सर्दी झाली तर कुठली गोळी. साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. इनवर्ड नंबर मिळालाय, तो जपून ठेवलाय.

डबा अजून कपाटावरच आहे, सील न फोडलेला. फेकायचा म्हटलं तर पैसे गेलेत, परत कुणी घेत नाही. रूममेट सध्या शेंगदाणे, गूळ आणि सहा अंड्यांवर आहे, आणि पहाटेच्या बैठका चालू आहेत. खालच्यांनी कृपया सहन करावं, चाचणी होईपर्यंत.